उंबरठ्याचें माप

आमच्या वाड्यांतल्या घराच्या उंबरठ्यावर कोणी बसलेलें आजीला खपत नसे. तिन्हीसांजेला तर नाहींच नाहीं. "घरांत तरी ये, नाहींतर बाहेर तरी जा, मध्यें बसूं नको," असें ती म्हणे, आणि हिरण्यकशिपूची गोष्ट सांगून त्या साध्या लांकडाविषयीं आमच्या मनांत भय उत्पन्न करी. पुढें वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं मला एका वेगळ्याच उंबरठ्यावर बसण्याचा छंद जडला. त्या छंदानें माझी जी फजिती केली ती पाहावयास आजी नव्हती, हें एका परीनें बरेंच झालें.

आपल्याकडे उंबरठा आणि माप यांची गांठ जुनी आहे. नवी सून उंबरठ्यावर ठेवलेलें तांदळाचें माप पायानें लवंडून घरांत पाऊल टाकते. मी सांगतों तो उंबरठाहि मापाचाच आहे; मात्र तो लांकडाचा नसून शरीराचा आहे. सायकलस्वारांच्या परिभाषेंत त्याला 'फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर' म्हणतात. एवढें लांबलचक नांव घेण्यास चढावर दम पुरत नाहीं, म्हणून बहुतेक जण 'एफटीपी' एवढ्या तीन अक्षरांवर भागवितात. मराठींत 'उंबरठा-शक्ति' म्हटलें तर चालावें.

सायकल माझ्या आयुष्यांत परत आली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रक्तांतील साखर वाढूं लागली होती. तेव्हां रोज चालत जा किंवा सायकल घ्या, असे दोन मार्ग त्यांनीं पुढें ठेवले. पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत, आणि माझें बाळपण तर वडिलांच्या सायकलीच्या कॅरियरवर गेलेलें. मीं दुसरा मार्ग पत्करला. वर्षभरांत साखर उतरली आणि अहंकार चढला. त्याच सुमारास इंजिनिअर झालेला माझा पुतण्या नोकरीसाठीं आमच्याकडे राहावयास आला, आणि माझ्या वाढदिवसाला त्यानें शक्ति मोजणारें पायडल आणून सायकलीला बसवून दिलें.

या पायडलांत वरून दिसण्यासारखें कांहीं नसतें. पायाचा दाब पडला कीं त्याचा धातूचा आंस डोळ्यांना न दिसण्याइतका वांकतो. त्या वांकण्यावरून जोर समजतो. जोराला फिरण्याच्या वेगाची जोड दिली कीं शक्ति निघते, आणि हँडलवरच्या लहानशा पेटींत ती वॅटमध्यें उमटते. वेग हा वाऱ्यावर आणि चढावर अवलंबून असतो. हृदयाचे ठोके झोंपेवर, उन्हावर आणि चहावर अवलंबून असतात. वॅट मात्र कोणाची भीड ठेवीत नाहीं. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ति. आपण एका घोड्याचा कितवा हिस्सा आहों हें पावला-पावलाला सांगणारें असें हें यंत्र आहे.

पुतण्यानें मला परीक्षेची रीत समजावून दिली. प्रथम अंग चांगलें गरम करावें. मग पांच मिनिटें जीव तोडून पायडल मारावें. थोडें संथपणें चालवून दम खावा, आणि त्यानंतर वीस मिनिटें जमेल तितक्या जोरानें चालवावें. त्या वीस मिनिटांची सरासरी घेऊन तींतून शेंकडा पांच वजा करावे. उरेल ती आपली उंबरठा-शक्ति. मीं ही रीत लक्ष देऊन ऐकली आणि तींतला पांच मिनिटांचा भाग गाळून टाकला. परीक्षेला बसण्यापूर्वीं मुद्दाम दमून घ्यावें, हें कोणत्या विद्यार्थ्याला पटेल? कात्रजच्या जुन्या घाटांत, बोगद्याच्या रोखानें, ताज्या पायांनीं मीं वीस मिनिटें अशी कांहीं शर्थ केली, कीं सरासरी २१२ वॅट भरली. शेंकडा पांच वजा जातां राहिले २०१.

दोनशें एक! पाव घोड्याहून चांगले साडेचौदा वॅट अधिक! हा आंकडा स्नान करतांना, जेवतांना, वर्गांत फळ्याकडे वळतांना माझ्या मनांत घोळूं लागला. घरांत तर मीं तो इतक्या वेळां उच्चारला, कीं कोणाला दोनशें एक रुपये द्यावयाचे राहिले आहेत, असें पत्नीनें एकदां काळजीनें विचारलें.

यानंतर तयारीला आरंभ झाला. आठवड्यांतून दोन दिवस, २०१ वॅटवर, वीस-वीस मिनिटांचे दोन फेरे करावयाचे, असा बेत होता. कागदावर हें फारच सोपें होतें. जी शक्ति मला एक तास पेलते असें गणित सांगत होतें, ती वीस मिनिटें पेलण्यांत कठीण तें काय? परंतु तेरावें मिनिट लागलें कीं मांड्या पेटत, श्वासाची लय मोडे, आणि पेटींतला आंकडा १९०, १७५, १६० असा घसरूं लागे. मीं त्याचें कारण शोधलें तें नीतिशास्त्रांत. माझें मन दुबळें आहे, असें मीं ठरविलें. मी शिक्षक, मुलांच्या अपयशाला आळस हें एकच कारण असतें असें पंचवीस वर्षें सांगत आलों. तेंच औषध मीं आतां स्वतःला पाजलें. फेरे वाढविले. विश्रांतीच्या दिवसांचेहि आंकडे त्याच २०१ वरून काढले आणि ते कसोशीनें पाळले.

सहा आठवडे असे गेले. रात्रीं झोंप येईना. सकाळीं जिना चढतांना पाय जड वाटत. वर्गांत एका मुलीनें साधी शंका विचारली, तर तिच्यावर मी उगाच खेंकसलों. एके रात्रीं ताटावरून उठतांना पत्नी शांतपणें म्हणाली, "अहो, तो आंकडा घरांत आला तेव्हांपासून तुम्ही घरांत नाहीं." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, म्हणून मीं दुसऱ्या दिवशीं पहाटे पुन्हां घाट गांठला. त्या दिवशीं अकराव्याच मिनिटाला डोळ्यांपुढें अंधारी आली. मी कठड्याला टेंकून खालीं बसलों. मागून येणाऱ्या पुतण्याचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनीं सर्व तपासण्या करून हृदय ठीक असल्याचा निर्वाळा दिला, आणि पंधरा दिवस सायकलीला हात लावूं नका, असें बजावलें.

त्या सक्तीच्या सुटींत पुतण्या एकदां संध्याकाळीं माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ घुटमळून तो म्हणाला, "काका, एक विचारूं? तुम्ही हिशेब शिकवितां. दुकानाची विक्री किती होते एवढ्यावरून दुकान चालतें कीं नाहीं हें सांगतां येईल?"

"नाहीं. जमाखर्चाचा मेळ पाहावा लागेल."

"मग २०१ ही तुमची विक्री झाली. मेळ आपण पाहिलाच नाहीं."

मी चरकलों. पंचवीस वर्षें ज्या विषयाचा पगार घेतला, तोच माझ्या पायाखालून गेला होता आणि मला कळलें नव्हतें. त्या संध्याकाळपासून मीं या उंबरठ्याचा अर्थ नीट समजून घेण्यास आरंभ केला. मला जें उमगलें तें असें.

स्नायू साखर जाळून काम करतात, तेव्हां दुग्धाम्लाचें एक रूप, ज्याला लॅक्टेट म्हणतात, तें रक्तांत उतरतें. हें दुग्धाम्ल म्हणजे आपल्या दह्यांतलेंच आम्ल. स्वीडनमधील रसायनज्ञ शील यांनीं १७८० मध्यें आंबलेल्या दुधांतून तें प्रथम वेगळें काढलें. फार दिवस लोक त्याला थकव्याचें विष मानीत. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जॉर्ज ब्रूक्स यांच्या संशोधनानें हें मत मागें पडूं लागलें. लॅक्टेट हें विष नव्हे, इंधन आहे. हृदय आणि चिवटपणें काम करणारे स्नायू तें आनंदानें जाळतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तांतहि थोडेंसें लॅक्टेट असतेंच. श्रम वाढले कीं त्याची आवक वाढते आणि उठावहि वाढतो. एका मर्यादेपर्यंत या दोहोंचा मेळ बसतो. रक्तांतील पातळी थोडी वर जाऊन तेथेंच ठरते, आणि श्वास जलद परंतु नियमित चालतो. ती मर्यादा ओलांडली म्हणजे मेळ मोडतो. जोर पूर्वींइतकाच ठेवला तरी पातळी मिनिटागणिक चढत जाते, श्वास धांपेवर येतो, आणि थोड्या वेळानें स्वाराला थांबावेंच लागतें. ही जी सीमा, तोच खरा उंबरठा. त्याच्या अलीकडे शरीर रोखीनें व्यवहार करतें. पलीकडे उधारी सुरू होते.

ही सीमा प्रयोगशाळेंत, पुन्हा पुन्हा बोट टोंचून, रक्त तपासून काढतां येते. पण रोज कोण बोट टोंचून घेणार? म्हणून अँड्र्यू कॉगन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें व्यवहाराचा मार्ग काढला. सुमारें एक तास, न ढासळतां, जवळजवळ स्थिर अवस्थेंत जी अधिकांत अधिक शक्ति स्वाराला टिकवितां येते, ती त्याची उंबरठा-शक्ति समजावी. रक्तावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ओळखलेला उंबरठा, म्हणून तो 'फंक्शनल'. हंटर ॲलन यांच्याबरोबर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक २००६ मध्यें निघालें, आणि ही संज्ञा सायकलस्वारांच्या तोंडीं बसली.

या व्याख्येंतला 'सुमारें' हा शब्द मीं प्रथम वाचलाच नव्हता. तासाला सायकलींच्या जगांत मोठा मान आहे, हें खरें. १८९३ मध्यें पॅरिसला आंरी देग्रांज यांनीं एका तासांत ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडलें. १९७२ मध्यें मेक्सिको शहरांत एडी मर्क्स यांनीं ४९.४३१ किलोमीटर तोडलें. चाळीस किलोमीटरांची एकट्यानें धांवण्याची शर्यतहि चांगल्या स्वाराला तासाभराच्या आसपास पुरते. त्यामुळें तास हें सोयीचें माप ठरलें. परंतु उंबरठा कांहीं घड्याळ लावून बसत नाहीं. त्याच्यावर कोणी पाऊण तास टिकतो, तर कोणी तासाहूनहि अधिक. उंबरठा हा तासाचा नाहीं, मेळाचा आहे.

आणि शेंकडा पांचाची वजाबाकी? ती तर केवळ जवळची वाट. फ्रान्समध्यें मोनो आणि शेरेर या दोघांनीं १९६५ मध्यें स्नायूंच्या कामाचें एक गणित मांडलें होतें. त्यांत सांपडणारी सीमा आपल्या उंबरठ्याची सख्खी नव्हे, पण चुलत बहीण म्हणतां येईल. सीमेच्या वर काम करण्यासाठीं शरीराजवळ एक ठराविक पुंजी असते, असें तें गणित सांगतें. ती उधळली तर लवकर संपते, बेतानें वापरली तर उशिरा. आणि सीमेच्या खालीं उतरून दम घेतला कीं ती हळूहळू पुन्हां भरूं लागते. वीस मिनिटांच्या परीक्षेंत ही पुंजीहि खर्ची पडते आणि सरासरी फुगविते. ती आधींच बरीचशी संपावी, एवढ्यासाठींच तीं पांच मिनिटें होतीं. मीं तीं गाळलीं, आणि गांठीचें मोडून केलेला खर्च उत्पन्नाच्या रकान्यांत मांडला.

पंधरा दिवसांच्या जागीं मीं तीन आठवडे विश्रांति घेतली. नंतर एके रविवारीं पहाटे आम्ही दोघे सिंहगडाच्या पायथ्याशीं आलों. त्या चढाला मला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. मेळ पाहावयास तेवढा पुरे होता. "काका, पहिलीं दहा मिनिटें कंटाळवाणीं वाटलीं पाहिजेत," एवढीच अट पुतण्यानें घातली. मी १७५ वर निघालों, आणि हळूहळू वर सरकलों. १८० ला श्वास मोठा झाला, पण त्याची लय राहिली. १८४ ला पुतण्यानें कांहीं विचारलें, तर मला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलवेना. मात्र ते दोन-तीन शब्द दर वेळीं तितक्याच सुखानें येत. मधूनच १९० च्या वर जाऊन पाहिलें. दोन-तीन मिनिटांतच आंत कांहींतरी कलूं लागल्याची जाणीव झाली. पुन्हां १८४ वर आलों, आणि तें कलणें थांबलें. चाळिसाव्या मिनिटालाहि मी तसाच होतों. दुःख होतें, पण तें वाढत नव्हतें. सहा आठवडे मी ज्याला शोधीत होतों तो उंबरठा मला प्रथमच पायाखालीं लागला. शेवटच्या उभ्या वळणांवर मात्र मीं शिल्लक राहिलेली पुंजी मोकळ्या हातानें उधळली आणि वर पोंचलों.

तेव्हां माझी खरी उंबरठा-शक्ति १८४. पाव घोड्याला अडीच वॅट कमी. २०१ हा तिच्या १०९ टक्के होतो. कॉगन यांनीं श्रमाच्या ज्या सात पायऱ्या आंखल्या आहेत, त्यांत १०६ ते १२० टक्क्यांची पायरी पांचवी. तिच्यावर माणसानें थोडींच मिनिटें राहावयाचें असतें. मी तेथें तेरा मिनिटें काढीत होतों आणि स्वतःला आळशी म्हणत होतों! लांब व संथ फेरीची कमाल मर्यादा उंबरठ्याच्या ७५ टक्के. ती १३८ असावयाची, तर मी १५१ धरून चाललों होतों. म्हणजे विश्रांतीच्या दिवशींहि मी व्याज भरीत होतों. एक आंकडा फुगला कीं त्यावर आधारलेले सगळे आंकडे फुगतात, हें हिशेबाच्या शिक्षकाला दुसऱ्यानें सांगावें लागावें, यासारखी दुसरी शिक्षा नाहीं.

गडावर एका बाईनें मातीच्या मडक्यांतलें दहीं पुढें केलें. "काका, यांतहि तेंच आम्ल," पुतण्या हंसत म्हणाला. मीं दोन मडकीं संपविलीं.

उतरतांना मला अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आठवण झाली. ते एका कचेरींत कारकून होते आणि जन्मभर सायकलनें कचेरींत गेले. वाटेंत एक चढ लागे. कॅरियरवर बसलेल्या मला ते पाढे म्हणावयास लावीत, आणि दर ओळीला "हं" म्हणत. तो हुंकार चढाच्या पायथ्याशीं जसा असे, तसाच माथ्यावर असे. शेजारून जवान माणसें उभीं राहून पायडल मारीत पुढें जात आणि मला लाज वाटे. अण्णा उभे राहत नसत. खालींहि उतरत नसत. त्यांच्या संसाराचीहि तीच चाल होती. रोज रात्रीं ते वही काढून पैशापैशाचा मेळ घालीत, आणि मोठेपणीं मी त्या वृत्तीला मनांतल्या मनांत भित्रेपणा म्हणत असें.

एकच वर्ष त्या चालींत बसत नव्हतें. १९८२ मध्यें आईचें मोठें ऑपरेशन झालें. अण्णांनीं कचेरीच्या पतपेढींतून कर्ज काढलें, आणि पुढें तीन वर्षें संध्याकाळीं दोन दुकानांच्या वह्या लिहून तें फेडलें. माझ्या लक्षांत मात्र त्या वर्षांतली एकच गोष्ट राहिली होती. आमच्या वर्गाची सहल वेरूळला गेली, आणि मला पाठविण्यास अण्णांनीं नकार दिला. थोडी हिंमत दाखविली असती तर जमलें असतें, असें मला वाटे. चाळीस वर्षें वाटत होतें.

घरीं आल्यावर मीं माळ्यावरची पेटी काढली. अण्णांच्या वह्या वर्षवार बांधून ठेवलेल्या होत्या. १९८२ च्या डिसेंबरचें पान सांपडलें. वाणी, दूध, औषधें, पतपेढीचा हप्ता. आणि त्यांच्या खालीं, त्याच वळणदार अक्षरांत, 'सहल, रु. ४०'. त्या ओळीवर एक रेघ मारलेली होती. ती पट्टी लावून अगदीं सरळ मारलेली होती. पानाच्या तळाशीं त्या महिन्याची शिल्लक मांडली होती: ३ रुपये २० पैसे.

मीं ती बेरीज दोनदां करून पाहिली. सहलीचे चाळीस रुपये त्यांत कोठूनहि बसत नव्हते. आईसाठीं अण्णा उंबरठ्याच्या पलीकडे गेले होते, आणि पुंजी भरून येईपर्यंत मुकाट्यानें खालच्या चालीनें चालले होते. ती ओळ लिहिण्यापूर्वींहि त्यांना बेरीज ठाऊक असलीच पाहिजे. तरी त्यांनीं ती लिहून पाहिली होती.

माझा आंकडा पुढें वाढेल, वयाबरोबर कमीहि होईल. सरावानें हा उंबरठा उंचावतो आणि हयगयीनें खचतो, असें जाणकार सांगतात. त्याचें मला आतां फारसें सुखदुःख नाहीं. त्या रात्रीं मीं एका कोऱ्या वहींत '१८४' एवढेंच लिहिलें आणि ती अण्णांच्या वह्यांशेजारीं ठेवली. नंतर वर्गांतल्या त्या मुलीची शंका आठवून तिचें उत्तर सविस्तर लिहून काढलें. तें सोमवारीं तिला द्यावयाचें होतें.

मंगळवारीं पहाटे सायकल उचलून बाहेर पडतांना दाराशीं क्षणभर पाय अडखळला. आंतून पत्नी म्हणाली, "लवकर या." उंबरठ्यावर फार वेळ थांबूं नये, हें आजीनें सांगून ठेवलेंच होतें. मी बाहेर पडलों.